ऑटोकॅडमधले ब्लॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला आमचं ड्राफ्टिंगचं ऑफिस आहे आणि संध्याकाळी डिप्लोमाच्या मुलांची एक बॅच असते. तासगाव, विटा, जतकडची सिव्हिलची मुलं, कुपवाड एमआयडीसीतले मशीन ड्रॉइंग करणारे आणि मिरजेतल्या एक-दोन इंटिरियरवाल्या मैत्रिणी मोबाईलवर प्रश्न पाठवत असतात. त्यातले निम्मे ब्लॉकचेच निघतात, म्हणून ते एकत्र केले. आज्ञांची नावं ऑटोकॅडची, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरची आहेत. बहुतेक प्रश्नांना क्रमांक शोधून थेट उत्तरावर गेलात तरी चालेल, पण ३, ४ आणि ५ आधी वाचा. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

१. मॅडम, ब्लॉक म्हणजे नक्की काय? कॉपी करून काम होतंय की.

कॉपी केलं की फाइलमध्ये तेवढ्याच रेषा पुन्हा तयार होतात. चाळीस दारं असतील तर त्याच रेषा चाळीस वेळा साठतात. ब्लॉकचं तसं नाही. दार कसं दिसतं याची व्याख्या फाइलमध्ये एकदाच राहते आणि प्रत्येक ठिकाणी फक्त ‘इथे हे दार, इतक्या मापात, इतकं फिरवून’ अशी नोंद होते. फाइल हलकी राहते, दारं मोजता येतात आणि व्याख्या बदलली की चाळीसही दारं एकदम बदलतात.

मी काम शिकले तेव्हा ट्रेसिंग पेपरवर प्लास्टिकच्या स्टेन्सिलने संडास-बेसिन काढायचो. आकार पुन्हा वापरायची सोय स्टेन्सिलमध्येही होतीच. पण बेसिनचं माप बदललं की आधी काढलेलं प्रत्येक बेसिन ब्लेडने खरवडून पुन्हा काढावं लागे. काढून झालेल्या आकाराशी नातं टिकणं, हे ब्लॉकमध्ये नवीन आहे. पुढे जे सांगते ते सगळं हे नातं कसं जपायचं याबद्दल आहे.

२. मग ग्रुप आणि ब्लॉक यात फरक काय?

ग्रुप म्हणजे काही वस्तूंना एकत्र उचलता यावं म्हणून बांधलेली मोळी. त्याला व्याख्या नसते. ग्रुपची कॉपी केली आणि एक बदलली तर दुसरी तशीच राहते. एकाच ठिकाणी, एकदाच लागणाऱ्या गोष्टींना ग्रुप पुरे. दुसऱ्यांदा लागणार असेल तर ब्लॉक करा.

३. ब्लॉक बनवायची पद्धत सांगा, अगदी पहिल्यापासून.

आकार शून्य लेयरवर खऱ्या मापात काढा (लेयर म्हणजे पारदर्शक कागदासारखा ड्रॉइंगचा एक थर, ‘०’ हे त्यातल्या एकाचं नाव). ‘बी’ टाइप करून एंटर दाबा. खिडकी उघडते, तिथे नाव द्या (प्रश्न ७), पिक पॉइंटने बेस पॉइंट, म्हणजे ब्लॉक टाकताना ज्याला धरायचा तो बिंदू, दाखवा, ऑब्जेक्ट निवडा, युनिट बघा (प्रश्न ५) आणि ओके. ‘कन्व्हर्ट टू ब्लॉक’ निवडलं असेल तर समोरच्या रेषांचाही तिथेच ब्लॉक होतो. टाकताना ‘आय’, म्हणजे इन्सर्ट.

इथे घाई होते ती बेस पॉइंटला. तो दाखवायचा राहिला की सॉफ्टवेअर शून्य-शून्य धरतं आणि मग ब्लॉक कर्सरपासून कुठेतरी लांब लटकत येतो. बेस पॉइंट ठरवताना स्वतःला विचारा, ही वस्तू जागेवर बसवताना मिस्त्री कुठला कोपरा धरेल? दाराला बिजागरीच्या बाजूचा चौकटीचा कोपरा, भिंतीच्या पृष्ठभागावर. खिडकीला ओपनिंगचा कोपरा. कॉलमला मध्यबिंदू, कारण कॉलम ग्रिडच्या रेषांच्या छेदावर बसतो. संडासच्या भांड्याला मागच्या कडेचा मध्य, कारण तो भिंतीला टेकतो. बोल्टला अक्षावरचा, डोक्याच्या खालच्या कडेचा बिंदू, कारण तिथेच तो प्लेटवर बसतो. बोल्टचा बेस पॉइंट डोक्याच्या वर दिलेला असला की प्रत्येक वेळी डोक्याच्या जाडीएवढं खाली सरकवावं लागतं. दिवसातून पन्नास बोल्ट टाकणाऱ्या माणसाचा त्यात किती वेळ जातो ते त्यालाच विचारा.

४. सगळे शून्य लेयर, शून्य लेयर का म्हणतात?

शून्य लेयरवर, रंग-लाइनटाइप ‘बायलेयर’ (लेयरचा जो असेल तो) ठेवून काढलेला ब्लॉक पाण्यासारखा असतो, ज्या लेयरवर टाकाल त्याचा रंग घेतो. तोच टेबलाचा ब्लॉक ‘फर्निचर’वर टाकला तर त्या लेयरचा, ‘जुने सामान’वर टाकला तर त्याचा. दुसऱ्या एखाद्या लेयरवर काढून ब्लॉक केलात तर तो आपला लेयर सोबत घेऊन येतो आणि कुठेही टाकला तरी तसाच राहतो.

‘बायब्लॉक’ हा तिसरा प्रकार. त्यात रेषा त्या त्या टाकलेल्या ब्लॉकला दिलेला रंग घेतात. एकाच लेयरवर काही वस्तू वेगळ्या रंगात दाखवायच्या असतील तर उपयोगी, एरवी नको. आणि ब्लॉकमधल्या रेषेला थेट लाल-हिरवा रंग देऊन ठेवणं टाळाच, मग तो रंग बाहेरून बदलता येत नाही.

मुद्दाम वेगळा लेयर ठेवावा असेही ब्लॉक असतात. दाराच्या ब्लॉकमध्ये पल्ल्याची कमान (दार कसं उघडतं ते दाखवणारी वक्र रेषा) बारीक पेनने यावी म्हणून आम्ही ती वेगळ्या लेयरवर ठेवतो, बाकी शून्यावर. असं केलंत की एक गंमत लक्षात ठेवा. ब्लॉक ज्या लेयरवर टाकलाय तो ‘ऑफ’ केला तर शून्यावरच्या रेषा जातात, पण कमान दिसतच राहते. तोच लेयर ‘फ्रीझ’ केला तर अख्खा ब्लॉक जातो. ‘दार गेलं पण कमान हवेत राहिली’ असे फोटो मला दर महिन्याला येतात, त्याचं कारण एवढंच आहे.

५. ब्लॉक टाकला की हजारपट मोठा येतो, नाहीतर ठिपक्याएवढा. असं का?

युनिटचा घोळ. किती पट चुकलंय ते आधी मोजा, तो आकडाच कारण सांगतो. १००० पट असेल तर मीटर आणि मिलिमीटर. २५.४ पट असेल तर इंच आणि मिलिमीटर. ३०४.८ असेल तर फूट आणि मिलिमीटर. १२ असेल तर फूट आणि इंच.

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो कारण एकाच कामात सगळीच मापं चालतात. घरमालक फुटात बोलतो, जमीन गुंठ्यात असते (एक गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर), नकाशा मीटरमध्ये आणि स्टीलचं डिटेल मिलिमीटरमध्ये. मागच्या वर्षी तासगावच्या एका मुलाने बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा प्लॅन पाठवला. इमारत मीटरमध्ये काढलेली, ९०० मिलिमीटरचा दाराचा ब्लॉक टाकला तर दार ९०० मीटरचं. स्क्रीनभर फक्त एक तिरकी रेषा दिसत होती आणि त्याला वाटलं फाइल खराब झाली.

युनिट्स आज्ञेत ‘इन्सर्शन स्केल’ असतो. ब्लॉकच्या फाइलमध्ये मिलिमीटर आणि ड्रॉइंगमध्ये मीटर असं खरं खरं लिहिलेलं असेल तर ऑटोकॅड स्वतः भागाकार करून टाकतं. त्या मुलाच्या ड्रॉइंगमध्ये माप मीटरचं होतं, पण युनिट मिलिमीटर लिहिलेलं होतं. सॉफ्टवेअरला दोन्हीकडे सारखंच दिसलं, त्याने काही बदललं नाही. एका बाजूला ‘युनिटलेस’ असेल तर ऑप्शन्समधल्या यूझर प्रेफरन्सेसमध्ये ठरवून ठेवलेलं युनिट धरलं जातं आणि ते प्रत्येक मशीनवर वेगळं असू शकतं. म्हणून युनिटलेस कधीच ठेवू नका. नवीन फाइल उघडताना ‘एकॅड’ टेम्प्लेट इंचाचं आणि ‘एकॅड आयएसओ’ मिलिमीटरचं असतं, हेही बघून घ्या.

टाकलेला ब्लॉक स्केल करून तात्पुरतं भागवू नका. पुढच्या वेळी तोच घोळ पुन्हा येतो, आणि मोजणीच्या यादीत (प्रश्न १५) स्केलचे आकडे विचित्र दिसतात.

६. ‘बी’ आणि ‘डब्ल्यू’ यात काय फरक?

‘बी’ने केलेला ब्लॉक त्या ड्रॉइंगपुरता राहतो. ‘डब्ल्यू’, म्हणजे डब्ल्यूब्लॉक, तोच ब्लॉक स्वतंत्र फाइल म्हणून बाहेर लिहितो. कुठलीही ड्रॉइंग फाइल दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये ब्लॉक म्हणून टाकता येते. तेव्हा तिचा बेस पॉइंट एरवी शून्य-शून्य धरला जातो. तो बदलायचा असेल तर त्या फाइलमध्ये ‘बेस’ आज्ञा द्या.

७. ब्लॉकला नाव कसं द्यावं? मराठीत दिलं तर चालतं का?

चालतं, ऑटोकॅड देवनागरी नाव घेतं. तरी आम्ही नावं रोमन अक्षरांत ठेवतो, कारण फाइल पुढे कुणाच्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठल्या लिस्पमध्ये (ऑटोकॅडसाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) जाईल ते आपल्या हातात नसतं. नावात आधी प्रकार, मग वस्तू, मग माप, मग प्लॅन की एलेव्हेशन. म्हणजे यादीत सगळी दारं एकाखाली एक येतात. ‘न्यू’, ‘फायनल’, ‘फायनल दोन’ ही नावं नकोत.

कंट्रोल-शिफ्ट-व्हीने पेस्ट केलं की ब्लॉक होतो, पण त्याला ‘ए डॉलर सी’ने सुरू होणारं अगम्य नाव मिळतं. त्याच दिवशी ‘रिनेम’ने बदला, नंतर तो कशाचा होता ते आठवत नाही.

ब्लॉकच्या आतला मराठी मजकूर हा वेगळा प्रश्न. ऑटोकॅडच्या नेहमीच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. मंगलसारखा युनिकोड ट्रूटाइप फॉन्ट टेक्स्ट स्टाइलला द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसतो. जुने टायटल ब्लॉक असतील तर एकदा बसून पुन्हा टाइप करा, दुसरा उपाय नाही.

८. ऑफिसची लायब्ररी कुठे आणि कशी ठेवायची?

सर्वांच्या मशीनवरून दिसेल अशा एका सामायिक फोल्डरमध्ये. वाचायची परवानगी सर्वांना, लिहायची एकालाच. या एका माणसावर मी अडून बसते. चार जण लायब्ररीत भर घालायला लागले की सहा महिन्यांत नऊ प्रकारची बेसिनं होतात आणि कुठलं बरोबर ते कुणालाच माहीत नसतं. आमच्याकडे नवीन ब्लॉक ‘तपासायचे’ नावाच्या फोल्डरमध्ये जातात. शनिवारी आमची सीनियर मुलगी प्रत्येकाचा बेस पॉइंट, लेयर, युनिट आणि नाव तपासते आणि मग आत घेते.

वापरायला तीन वाटा आहेत. डिझाइन सेंटर (कंट्रोल-२) दुसऱ्या फाइलमध्ये डोकावून ब्लॉक ओढायला. टूल पॅलेट (कंट्रोल-३) रोजच्या पंधरा-वीस ब्लॉकसाठी, कारण त्यात ब्लॉक कुठल्या लेयरवर जावा तेही ठरवून ठेवता येतं. आणि २०२० च्या आवृत्तीपासून ब्लॉक्स पॅलेट. नवशिक्याला मी टूल पॅलेट लावून देते, लेयर चुकायचं प्रमाण तिथेच कमी होतं.

बॅकअपबद्दल. ऑगस्ट २०१९ मध्ये आमचं ऑफिस गावभागात तळमजल्याला होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही कागद आणि प्लॉटर वर नेला. लायब्ररी ज्या मशीनवर होती ते टेबलावर ठेवलं आणि टेबलापर्यंत येणार नाही असं धरून चाललो. पाणी ओसरल्यावर कॅबिनेट उघडलं तेव्हा हार्डडिस्कच्या खाचेत गाळ बसलेला होता. अकरा वर्षांचे ब्लॉक होते. जुन्या ग्राहकांना पाठवलेल्या फाइली परत मागवून, त्यांतून एकेक ब्लॉक डब्ल्यूब्लॉकने बाहेर काढून आम्ही लायब्ररी उभी केली. ते जमलं ते एवढ्यासाठीच की आम्ही फाइली पाठवताना ब्लॉक फोडून पाठवत नव्हतो. आता लायब्ररीची एक प्रत क्लाउडवर आणि एक नदीपासून लांब असलेल्या घरी असते.

९. टाकून झालेला ब्लॉक बदलायचा कसा?

ब्लॉकवर डबल क्लिक किंवा ‘बीई’. ब्लॉक एडिटर उघडतो, बदल करा, सेव्ह करून बंद करा. त्या ड्रॉइंगमधले त्या नावाचे सगळे ब्लॉक बदलतात. आजूबाजूची भिंत दिसत असताना बदलायचं असेल तर ‘रेफएडिट’. फक्त एकच वेगळा हवा असेल तर आधी ब्लॉक एडिटरमध्ये ‘सेव्ह ब्लॉक अ‍ॅज’ने नवीन नावाने ठेवा. त्यासाठी एक्स्प्लोड करायची, म्हणजे ब्लॉक फोडायची (प्रश्न १२), गरज नाही.

अ‍ॅट्रिब्यूट (ब्लॉकमधली भरायची रिकामी जागा, प्रश्न १३) असलेल्या ब्लॉकवर डबल क्लिक केलं तर त्यातली माहिती भरायची खिडकी उघडते, एडिटर नाही. तिथे ‘बीई’ टाइप करूनच जा.

१०. लायब्ररीतला ब्लॉक सुधारला, पण जुन्या ड्रॉइंगमध्ये जुनाच दिसतो. आणि नवीन ओढून आणला तरी जुनाच येतो!

लायब्ररीची फाइल आणि तुमच्या ड्रॉइंगमधली व्याख्या यांचा टाकण्याच्या क्षणापुरताच संबंध असतो. टाकला की व्याख्येची प्रत ड्रॉइंगमध्ये येते आणि नातं संपतं. कायम जोडलेलं हवं असेल तर तो एक्सरेफ, म्हणजे बाहेरची फाइल नुसती जोडून दाखवणं (प्रश्न १८).

दुसरा भाग जास्त धोक्याचा आहे. एका ड्रॉइंगमध्ये एका नावाची एकच व्याख्या राहू शकते. डिझाइन सेंटरमधून ओढताना किंवा दुसऱ्या फाइलमधून पेस्ट करताना त्या नावाचा ब्लॉक आधीच असेल तर जुनी व्याख्याच जिंकते, आणि तेही न विचारता. कुपवाडच्या एका मशीन शॉपमध्ये हे झालं. एम १२ च्या हेक्स बोल्टचं डोकं जुन्या डीआयएन (जर्मन मानक) मापात पान्याला १९ मिलिमीटर असतं, आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) मापात १८. त्यांनी लायब्ररीत १८ चा ब्लॉक केला, नाव तेच ठेवलं. जुनं ड्रॉइंग उघडून त्यात नवीन बोल्ट ओढले, ते १९ चेच आले. एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. खोबणीत डोकं बसवायचं होतं तिथे मात्र तो लगेच कळला. (एम १० ला हेच १७ आणि १६ आहे, तोही तपासा.)

उपाय दोन. डिझाइन सेंटरमध्ये ब्लॉकवर राइट क्लिक करून ‘रीडिफाइन ओन्ली’ घ्या. किंवा इन्सर्ट करताना ब्राउझ करून लायब्ररीची फाइल निवडा. त्याच नावाचा ब्लॉक आहे, बदलू का, असं ऑटोकॅड विचारतं, तेव्हा होय म्हणा. मात्र माप खरोखर बदललं असेल तर नाव बदलणंच बरं. जुनं काम जुन्या मापाने झालेलं असतं, ते मागाहून चुपचाप बदलणं योग्य नाही.

११. बेस पॉइंट चुकीचा दिलाय हे साठ ठिकाणी टाकल्यावर कळलं. आता?

ब्लॉक एडिटरमध्ये सगळा आकार सरकवून योग्य बिंदू शून्य-शून्यवर आणा, किंवा बेसपॉइंट पॅरामीटर ठेवा. पण सेव्ह करताच साठही ब्लॉक तेवढेच सरकतील, कारण त्यांची जागा जुन्या बिंदूने नोंदलेली आहे. म्हणून आधी किती सरकवणार ते एक्स आणि वाय मध्ये लिहून ठेवा. बदल झाला की ‘क्यूसिलेक्ट’ने न फिरवलेले सगळे निवडून तेवढंच उलट सरकवा. ९० आणि १८० अंशांत फिरवलेले वेगवेगळे निवडा, त्यांची दिशाही तशी फिरते. मिरर केलेले हाताने.

१२. ब्लॉक एक्स्प्लोड केला तर काय बिघडतं?

नातं तुटतं. ते दार आता दार राहत नाही, नुसत्या रेषा होतात. मोजणीत येत नाही, सुधारणा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि शून्य लेयरवरच्या रेषा शून्य लेयरवर परत जातात म्हणजे रंगही बदलतो. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये भरलेली माहिती उडते आणि तिथे नुसतं टॅगचं नाव दिसायला लागतं.

फोडावंच लागलं तर एक्सप्रेस टूल्समधलं ‘बर्स्ट’ वापरा, ते भरलेली माहिती साध्या टेक्स्टमध्ये बदलून ठेवतं. आतली एखादीच रेषा हवी असेल तर ‘एनकॉपी’ने ब्लॉक न फोडता ती उचलता येते. एक्स्प्लोड होतच नसेल तर दोन शक्यता. बनवताना ‘अलाउ एक्स्प्लोडिंग’ची खूण काढलेली असेल, किंवा तो ‘एमइन्सर्ट’ने टाकलेला असेल. आम्ही बाहेर जाणाऱ्या टायटल ब्लॉकला ती खूण मुद्दाम काढतो.

१३. अ‍ॅट्रिब्यूट कशासाठी? साधं टेक्स्ट का नको?

साधं टेक्स्ट सगळीकडे सारखंच राहतं. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे ब्लॉकमधली रिकामी जागा, जी प्रत्येक वेळी वेगळी भरता येते. दाराचा क्रमांक, कॉलमचा क्रमांक, टायटल ब्लॉकमधलं गावाचं नाव. ‘एटीटी’ने बनवा. टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, आणि प्रॉम्प्टमध्ये भरणाऱ्याला कळेल असा प्रश्न लिहा.

टायटल ब्लॉकबद्दल थोडं जास्त सांगते. एका बंगल्याच्या कामात चौदा शीट होते. गट नंबर प्रत्येक शीटवर हाताने भरलेला आणि अकराव्या शीटवर आकड्यांची अदलाबदल झालेली. तो सेट पूर्ण छापल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून गट नंबर, गाव, मालकाचं नाव ही माहिती आम्ही ‘डीडब्ल्यूजीप्रॉप्स’मध्ये एकदाच लिहितो आणि टायटल ब्लॉकच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये फील्ड, म्हणजे ती माहिती तिथून आपोआप उचलणारा मजकूर, ठेवतो. फाइलमधल्या सगळ्या लेआउटवर (छापायच्या पानांवर) तीच माहिती उमटते. रीजनरेट केलं की फील्ड ताजं होतं.

१४. ब्लॉकमध्ये नवीन अ‍ॅट्रिब्यूट वाढवला, पण टाकलेल्या ब्लॉकमध्ये दिसत नाही.

रेषा आपोआप बदलतात, अ‍ॅट्रिब्यूट नाही. ‘एटीटीसिंक’ द्या. पण जपून. कुणी एखाद्या दाराचा क्रमांक भिंतीत येतो म्हणून हाताने बाजूला सरकवला असेल तर एटीटीसिंक तो परत मूळ जागी आणतं. भरलेली माहिती मात्र टिकते. क्रम बदलायचा असेल तर ‘बॅटमॅन’.

१५. दार-खिडक्यांची यादी आपोआप निघते का?

निघते. ‘डेटाएक्स्ट्रॅक्शन’ विझार्ड ब्लॉकचं नाव, संख्या, अ‍ॅट्रिब्यूट आणि डायनॅमिक (प्रश्न १६) मापं घेऊन ड्रॉइंगमध्ये टेबल टाकतं किंवा एक्सेलला देतं. ऑटोकॅडच्या एलटी या कमी सोयींच्या आवृत्तीत हे नाही. २०२२ पासून ‘काउंट’ आहे, नुसती संख्या हवी असेल तर ते पुरेसं आणि झटपट आहे. एकावर एक पडलेले दोन ब्लॉकही ते दाखवून देतं.

यादी खरी येण्याची अट एकच, कुणी ब्लॉक फोडलेला नसावा. आणि डायनॅमिक ब्लॉकच्या आत अ‍ॅरेने वाढलेल्या वस्तू वेगळ्या मोजल्या जात नाहीत, ब्लॉक एकच धरला जातो. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात.

१६. डायनॅमिक ब्लॉक शिकायलाच हवा का?

हा ब्लॉक टाकल्यावरही ओढून बदलता येतो, म्हणून रोज त्याच वस्तूची चार-पाच मापं लागत असतील तर हवा. ही सोय २००६ च्या आवृत्तीपासून आहे. ब्लॉक एडिटरमध्ये पॅरामीटर सांगतो काय बदलू शकतं आणि अ‍ॅक्शन सांगते ते कसं बदलेल.

दाराने सुरुवात करा. ओपनिंगवर लिनियर पॅरामीटर ठेवा आणि त्याला ७५०, ९००, १०००, १२०० एवढीच मापं द्या, म्हणजे कुणी ओढून ९१३ चं दार करणार नाही. चौकटीच्या रेषांना स्ट्रेच अ‍ॅक्शन. कमानीला स्ट्रेच देऊ नका, तिचा पाव वर्तुळाचा आकार बिघडतो. तिला स्केल अ‍ॅक्शन द्या आणि तिचा बेस बिजागरीवर ठेवा. मग दोन फ्लिप, डावं-उजवं आणि आत-बाहेर. इथवर एका संध्याकाळचं काम आहे आणि दाराचे सोळा वेगळे ब्लॉक वाचतात.

आमच्या भागातलं दुसरं चांगलं उदाहरण बेदाणा शेडच्या रॅकचं. लांबीच्या आडव्या रेषांना स्ट्रेच, खांबांना अ‍ॅरे. रॅक ओढला की ठरलेल्या अंतरावर खांब आपोआप वाढतात. मोजणीसाठी लिनियर पॅरामीटरला ‘डिस्टन्स १’ न ठेवता ‘रॅक लांबी’ असं लेबल द्या. डेटाएक्स्ट्रॅक्शनमध्ये तो कॉलम येतो, लांबीला अंतराने भागून एक मिळवला की खांब.

एकाच ब्लॉकमध्ये सगळं कोंबू नका. दार, खिडकी, व्हेंटिलेटर, शटर, सगळं एकाच व्हिजिबिलिटीच्या (काय दिसावं ते निवडायच्या) यादीत घातलेले ब्लॉक मी पाहिलेत. बनवणारा सोडून दुसऱ्याला ते दुरुस्त करता येत नाहीत.

१७. माझ्या डायनॅमिक ब्लॉकची हँडलं समोरच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाहीत.

ऑटोकॅडसारख्या इतर अनेक सॉफ्टवेअरमध्ये तो बरोबर दिसतो, पण ओढून बदलता येईलच असं नाही, आणि लिब्रेकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डायनॅमिकपणा नाहीच. बाहेर देताना साधे ब्लॉक द्या. विद्यार्थ्यांसाठी ऑटोडेस्कचं शैक्षणिक लायसन्स मोफत असतं आणि दर वर्षी नूतनीकरण करता येतं, सरावासाठी तेच घ्या.

१८. ब्लॉक करू की एक्सरेफ?

लहान आणि पुन्हा पुन्हा लागणारं असेल तर ब्लॉक. मोठं आणि दुसरं कुणी अजून बदलत असेल तर एक्सरेफ. आर्किटेक्टचा प्लॅन एक्सरेफ, त्यावरचे दिवे-पंखे ब्लॉक. काम संपल्यावर एक्सरेफ ‘बाइंड’ केला, म्हणजे आपल्या फाइलमध्ये कायमचा घेतला, की लेयरच्या नावांत डॉलर-शून्य-डॉलर घुसतं. ‘इन्सर्ट’ प्रकाराने बाइंड केला तर नावं स्वच्छ राहतात, पण सारख्या नावाच्या व्याख्या असतील तर प्रश्न १० मधलाच धोका.

१९. फाइल वीस-तीस एमबीची झाली आणि पर्ज केलं तरी हलकी होत नाही.

बहुतेक वेळा नेटवरून घेतलेले सोफे, झाडं आणि गाड्या. एकेका झाडात हजारो बारीक रेषा, सोबत पन्नास परके लेयर. असा ब्लॉक थेट कामाच्या फाइलमध्ये आणू नका. रिकाम्या फाइलमध्ये उघडा, ‘ओव्हरकिल’ने दुहेरी रेषा काढा, सगळं शून्य लेयरवर घ्या, मग लायब्ररीत.

पर्ज म्हणजे न वापरलेल्या व्याख्या काढून टाकणं. ते होत नाही कारण तो ब्लॉक कुठल्यातरी दुसऱ्या ब्लॉकच्या आत आहे. पर्जच्या खिडकीत ‘नेस्टेड’ची खूण करा. मग ‘ऑडिट’. आणि मायनस पर्ज देऊन ‘आर’, म्हणजे रेगअ‍ॅप्स (इतर प्रोग्रामनी फाइलमध्ये सोडलेल्या नोंदी). बाहेरून आलेल्या फाइलींत याचा कचरा हजारोंनी असतो आणि साध्या खिडकीत तो दिसत नाही.

२०. मिरर केल्यावर ब्लॉकमधली अक्षरं उलटी झाली. मिररटेक्स्ट शून्यच आहे.

मिररटेक्स्ट शून्य ठेवलं की मिरर करताना अक्षरं सरळ राहतात, पण ब्लॉकच्या आतल्या साध्या टेक्स्टला हा नियम लागू नाही, ते उलटणारच. कायमस्वरूपी अ‍ॅट्रिब्यूटचंही तसंच. बदलता अ‍ॅट्रिब्यूट मात्र सरळ राहतो. मिरर होणाऱ्या ब्लॉकमध्ये अक्षरं असतील तर ती अ‍ॅट्रिब्यूट करा.

२१. लेव्हलची खूण १:१०० ला ठीक, १:५० च्या लेआउटमध्ये दुप्पट दिसते.

दार ही वस्तू आहे, तिचं माप खरं असतं. लेव्हलची खूण, सेक्शनचा बाण, उत्तरदिशा ही चिन्हं आहेत, त्यांचं माप कागदावरचं. चिन्हांच्या ब्लॉकला बनवताना ‘अ‍ॅनोटेटिव्ह’ची खूण करा आणि कागदावर हव्या त्या मिलिमीटरमध्ये काढा. वस्तूंच्या ब्लॉकला ही खूण चुकूनही नको.

२२. परवानगीच्या नकाशात ब्लॉक वापरावेत का?

दारं, खिडक्या, संडास-बेसिन बिनधास्त. पण ज्या रेषांवरून क्षेत्रफळ मोजलं जातं, म्हणजे प्लॉटची हद्द, बांधकामाची बाहेरची कड, जिना आणि बाल्कनीची कड, त्या आम्ही कधीच ब्लॉकमध्ये घेत नाही. त्या ठरलेल्या लेयरवर बंद पॉलीलाइन म्हणूनच मोकळ्या ठेवतो, तपासणाऱ्याला थेट हात लावता यावा म्हणून.

२३. नोकरी सोडतेय. मीच बनवलेली लायब्ररी सोबत नेऊ का?

ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या कामासाठी केली असेल तर ती ऑफिसची. विचारून घ्या, पुष्कळ जण देतातही. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडून गेलेल्या एका मुलीने नवीन जागी रोज कामात जो ब्लॉक लागेल तोच नीट बनवायचा असं ठरवलं. बेस पॉइंट, लेयर, युनिट, नाव सगळं तपासून. तीन आठवड्यांनी तिने मला तिचं टूल पॅलेट दाखवलं. बावीस ब्लॉक होते, आणि तिच्या दाराला चौकटीची जाडी बदलायचं हँडल होतं, जे आमच्या दाराला अजून नाही. ते कसं केलं हे मी तिला फोन करून विचारलं. चौकटीच्या जाडीला दुसरा लिनियर पॅरामीटर आणि तिच्या आतल्या कडेपुरतीच स्ट्रेचची चौकट, एवढंच आहे.